प्रचार आणि लोकमत (मुंबई)

एखादे मत, पक्ष, धोरण किंवा भीती लोकांच्या मनात रुजावी म्हणून मजकूर, चित्र आणि आवाज यांचा हेतुपूर्वक व वारंवार केलेला वापर म्हणजे प्रचार. त्यासाठी खोटेच बोलावे लागते असे नाही. काय सांगायचे आणि काय गाळायचे याच्या निवडीवरही तो उत्तम चालतो. माध्यमे लोकांच्या मतापेक्षा त्यांच्या बोलण्याचे विषय अधिक ठरवतात, हे मॅक्कॉम्ब्ज आणि शॉ यांनी १९७२ मध्ये मांडले. पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोमधील एरी परगण्यात केलेल्या पाहणीतून दुसरी गोष्ट पुढे आली होती : माध्यमांतला मजकूर बहुतेकांपर्यंत थेट न जाता ओळखीतल्या जाणत्या माणसांमार्फत, म्हणजे दोन टप्प्यांत, जातो. मुंबईत चाळ, लोकलचा डबा, गणेशोत्सव मंडळ आणि पक्षाची शाखा ही त्या दुसऱ्या टप्प्याची ठिकाणे. त्यांना वगळून या शहरातल्या लोकमताचा हिशेब लागत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून (६ जानेवारी १८३२) मराठी वृत्तपत्रे मुंबईत निघत होती, पण त्यांचा वाचकवर्ग लहान होता. गिरणगावात पुढे एकच अंक मोठ्याने वाचला जाई आणि त्यावर खोलीभर चर्चा होई. जिथे अंक पोचत नसे तिथे शाहीर पोचत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ (१९५६) आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर यांचे कार्यक्रम एकमेकांना पूरक ठरले. अग्रलेख युक्तिवाद पुरवी. शाहिराच्या गाण्याचे ध्रुवपद तो पाठ करून घेई. श्रोता ते स्वतःच्या तोंडाने म्हणतो, त्यामुळे मत बाहेरून आले असे त्याला वाटतच नाही.

यादी हे याहून कोरडे, पण प्रभावी साधन. १९६० च्या दशकात बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कचेऱ्यांतील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य अधिकाऱ्यांची नावे ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापली. नावे खरी असली तरी अशी यादी एकूण पदे किती, भरती कशी झाली, अर्जदार किती होते हे सांगत नाही. निष्कर्ष छापलेला नसतो, वाचक तो काढतो. म्हणून खोडायला विधानच सापडत नाही. ही रीत आजच्या समाजमाध्यमांवरील तक्त्यांतही जशीच्या तशी दिसते.

सेन्सॉरशिपखाली प्रचार आणि बातमी यांची अदलाबदल होते. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर बोलू लागला. वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या घटना त्यावरून सांगितल्या जात. प्रक्षेपक मुंबईतच जागा बदलत फिरवला जाई, कारण लहरींचा माग काढणारी पोलिसांची वाहने मागे असत. अखेर दगा यंत्राने दिला नाही. एका तंत्रज्ञाकडून ठिकाण कळले आणि १२ नोव्हेंबरला छापा पडला.

विकत घेतलेली बातमी, म्हणजे पेड न्यूज, २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर देशभर चर्चेत आली. ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : दोन वृत्तपत्रांत शब्दशः सारखा मजकूर, वर वेगवेगळी नावे, विरोधकाचा उल्लेख नाही, ‘जाहिरात’ ही नोंद गायब, कधी एकाच पानावर दोन उमेदवारांच्या खात्रीच्या विजयाच्या बातम्या. जिल्हा माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीने असे प्रकरण कळवले की निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो आणि उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे असते. आरोप टिकल्यास जाहिरातीच्या दराने खर्च धरून तो उमेदवाराच्या निवडणूक खर्चात मिळवतात (२०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये). व्यवहार रोखीत आणि पावतीशिवाय होतो, त्यामुळे हाती राहतो तो परिस्थितिजन्य पुरावा. बहुतेक प्रकरणे तिथेच ढेपाळतात.

अफवेला कर्ता लागत नाही, खऱ्या बातमीचा तुकडा पुरतो. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. त्याच दिवशी अडकलेल्या मजुरांसाठी विशेष गाड्यांचा विचार चालू असल्याची बातमी आली होती. ‘विचार’ गळून ‘गाड्या’ तेवढ्या उरल्या आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर मोठी गर्दी जमली. पाठोपाठ अफवांची दुसरी लाट आली : स्थानकाजवळच्या मशिदीसमोरची चित्रफीत फिरवून गर्दीला धार्मिक रंग देण्यात आला. खुलासा अशा वेळी मागे पडतो. तो अनोळखी यंत्रणेकडून येतो, मूळ संदेश मात्र गाववाल्याने पाठवलेला असतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवण्याच्या अफवेतून पाच जणांची हत्या झाली; त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. वेग त्याने कमी होतो. विश्वासावर मात्र परिणाम होत नाही.

फलकांबाबत कायदा दोन ठिकाणी लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानगीविना लावलेल्या फलकांना मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा (१९९५) लागतो. नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स यांतल्या पहिल्या तरतुदीत सहसा सापडत नाही : वर नेता, मध्ये इच्छुक, खाली पासपोर्टएवढ्या चेहऱ्यांच्या रांगा, आणि मत मागणारा शब्द एकही नाही. निवडणूक जाहीर होईपर्यंत तो कागदोपत्री फक्त शुभेच्छा असतो.