रमच्या पिंपातली सिंगल मॉल्ट: गोडव्यामागचा इतिहास

स्कॉटलंडच्या ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीची 'कॅरिबियन रिझर्व्ह' ही सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या जवापासून (मॉल्ट) केलेली व्हिस्की, २०२० मध्ये आली. बाटलीवर वयाचा आकडा नाही, अल्कोहोल ४० टक्के आणि रमच्या पिंपात ठेवलेला भाग थोडाच. मुरलेली व्हिस्की शेवटी काही काळ रमच्या पिंपात ठेवायची, याला रम कास्क फिनिश म्हणतात; त्यातल्या कमी किमतीच्या प्रकाराचा हा अगदी नेमका नमुना.

स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीसाठी नवी पिंपं क्वचितच करायचे. बंदरात शेरीचं (स्पेनची कडक वाइन), वाइनचं, रमचं जे रिकामं पिंप मिळेल त्यात माल भरायचे. १९१५ च्या कायद्याने व्हिस्की मुरवणं सक्तीचं झालं, आधी दोन आणि लगेच तीन वर्षं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेने बर्बनला (तिथली मुख्यतः मक्याची व्हिस्की) नव्या, आतून जाळलेल्या ओकची अट घातली. त्यामुळे एकदाच वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं ढिगाने बाहेर पडली. ती स्कॉटलंडला गेली, तशीच कॅरिबियन बेटांवर रम मुरवायलाही गेली.

म्हणूनच रमचं पिंप म्हणजे बहुतेकदा बर्बनचंच जुनं पिंप. लाकडाचा जोर ओसरलेला, आत रम भिनलेली. त्यामुळे शेरीच्या पिंपासारखा तुरटपणा आणि सुकामेवा इथे शोधू नये.

मुरलेली व्हिस्की दुसऱ्या पिंपात हलवण्याची पद्धत बालव्हेनी या स्कॉटिश डिस्टिलरीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात रुजवली. ग्लेनफिडिक या दुसऱ्या स्कॉटिश डिस्टिलरीने २१ वर्षांची व्हिस्की क्युबाच्या रमच्या पिंपात ठेवली, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे ती तिथे विकता येईना. बालव्हेनी आपल्या १४ वर्षांच्या व्हिस्कीसाठी अमेरिकन ओकची पिंपं स्वतः निवडलेल्या रमने भिजवून घेते. हे खर्चाचं काम, आणि चवीत ते कळतं.

चाखताना ट्युलिप ग्लासात (तोंडाशी निमुळता) २०-२५ मिली घ्या, बर्फ नको. दहा मिनिटं थांबा, नाहीतर नाकाला नुसता अल्कोहोल झोंबतो. पिकलेलं केळं, अननस, काकवी असे वास येतील. मग पाण्याचे तीन-चारच थेंब. ४० टक्क्यांची व्हिस्की जास्त पाण्याने लगेच पातळ पडते. रंगावर भिस्त ठेवू नका, स्कॉचमध्ये कॅरॅमल रंगाला परवानगी आहे. साखरेला मात्र नाही, म्हणजे जिभेवरचा गोडवा पिंपाचा आणि मॉल्टचा. रमच्या पिंपातला मुक्काम लांबला तर घोट गिळल्यावर तोंडात रमच उरते आणि जवाची चव हरवते.