मग्दालीया मरीया वेश्या होती का?

"मग्दालीया मरीया वेश्या होती, येशूने तिला सुधारलं," असा संदेश ईस्टरच्या सुमारास फिरतो. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, असं कुठेही नाही. घरातलं बायबल काढून लूकच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय उघडा. येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी 'पापी स्त्री' तिथे निनावी आहे. मरीयेचं नाव येतं पुढच्या अध्यायात: सात भुतं निघालेली, पदरच्या पैशाने येशूची सेवा करणाऱ्या बायकांपैकी एक. दोघी एकच, हा समज सन 591च्या सुमारास रोममधल्या एका प्रवचनाने रुजवला. पुढे चित्रांतही तेच दिसत राहिलं, मग लोकांना खरं वाटणारच. योहानाचा 20वा अध्याय वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. येशूच्या कबरीपाशी रडणाऱ्या मरीयेला तो नुसती हाक मारतो, "मरीये!", आणि ती त्याला ओळखते. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला त्याने तिलाच पाठवलं.