धीराने ऐकणं आणि राग आवरणं (ख्रिस्ती जीवन)

ख्रिस्ती शिकवणुकीत समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणं आणि राग आवरणं या दोन्ही गोष्टी एकाच सवयीत धरतात. मुख्य आधार नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा, अध्याय १, वचन १९ आणि २०. तिथे सांगितलंय की माणसाने ऐकायला तत्पर असावं, बोलायला घाई करू नये आणि रागाला मंद असावं, कारण माणसाच्या रागातून देवाला हवं ते नीतिमत्त्व निघत नाही. क्रम बघा, ऐकणं पहिलं. नीतिसूत्रे १८:१३ तर सरळच म्हणतं की पूर्ण ऐकायच्या आधी उत्तर देणं हा मूर्खपणा. आणि निर्गम ३४:६ मध्ये देव स्वतःलाच मंदक्रोध म्हणवतो, म्हणजे भक्ताकडून जे मागितलंय ते आधी देवाच्या स्वभावातच आहे.

मग राग येणंच पाप का? यावर चर्चमध्ये पूर्वीपासून दोन मतं. इफिसकरांस पत्र ४:२६ मध्ये प्रेषित पौल रागाला पूर्ण बंदी घालत नाही, पाप करू नका आणि सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणतो. मार्क ३:५ मध्ये खुद्द येशू रागाने बघतो, वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथाच्या (काम न करण्याच्या, विश्रांतीच्या) दिवशी बरं केलं तर दोष लावता येईल म्हणून टपून बसलेल्या लोकांवर. तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणूनच म्हणाले की विवेकाच्या ताब्यातला राग योग्य असू शकतो, अन्याय बघूनही अजिबात राग न येणं हाही दोषच.

जॉन कॅसियन (पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे मठवासी लेखक) मात्र असली सूट द्यायला तयार नव्हते, राग करायचाच तर स्वतःच्या दुर्गुणांवर करा म्हणायचे. त्यांचा स्वतःचा अनुभव वाचण्यासारखा आहे, ते वाळवंटात एकटे राहत होते, भांडायला माणूसच नाही, तरी बोरू जाड निघाला की चिडायचे, चाकू बोथट निघाला की चिडायचे, चकमकीतून ठिणगी लवकर पडली नाही की चिडायचे. म्हणजे लोकांपासून लांब गेलं की राग जातो हे काही खरं नाही. त्यांच्या आधीचे मठवासी लेखक इव्हाग्रियस यांनी रागावर उपाय म्हणून स्तोत्रं गाणं, सहनशीलता आणि दया सांगितली.

ऐकण्याचं उदाहरण बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सापडतं. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच, तोंड उघडलं आणि उपदेश सुरू झाला. मराठीत रागाचं ठळक उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला पण स्वभाव मुळात तापट, तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलाय, नवऱ्याला संत करून टाकलेलं नाही हे बरं झालं.

आता इंदूरमधल्या ख्रिस्ती घरांचं बघू. इंदूरला कॅनडाचं प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशन १८७७ मध्ये आलं. इथली मराठी ख्रिस्ती घरं थोडी, रविवारची उपासना बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत, त्यामुळे हा विषय प्रवचनापेक्षा घरच्या प्रार्थनेत किंवा बायबल स्टडीत जास्त निघतो. तसं इंदूरमध्ये सकाळी पोहे-जिलेबीच्या गाडीवर चार जण जमले की बोलणारे पाच असतात, त्यामुळे ऐकायची प्रॅक्टिस करायला शहर अवघडच! साधी पद्धत अशी की समोरच्याचं पूर्ण ऐकायचं, "तुला असं म्हणायचंय का?" म्हणून विचारायचं, मग आपलं सांगायचं, आणि डोकं फारच तापलं असेल तर विषय थोडा वेळ बाजूला ठेवायचा पण तो झोपायच्या आधी किंवा लवकरात लवकर परत काढायचा, नाहीतर ते नुसतं धुमसणं होतं. मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या सभासदांमधल्या) भांडणासाठी मत्तय १८:१५–१७ मध्ये पायऱ्याच दिल्यात, आधी एकट्याने जाऊन बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. प्रत्यक्षात बऱ्याचदा हे उलटं चालतं, ज्याच्याशी बिनसलंय तो सोडून सगळ्यांना आधी कळतं.

या शिकवणुकीचा गैरवापरही होतो. घरात मारहाण होतेय आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) किंवा नातेवाईक बाईलाच "सहन कर, उत्तर देऊ नकोस" म्हणतात, तेव्हा याकोबाचं वचन चुकीच्या माणसाला ऐकवलेलं असतं. ते वचन हात उचलणाऱ्याला आधी लागू होतं, आणि त्या बाईचं ऐकून घेऊन तिला सुरक्षित जागी आणि गरज पडली तर पोलिसांपर्यंत पोचवणं हे मंडळीचं काम आहे.