धोक्याच्या कामाला नकार: एका हक्काची पार्श्वभूमी

कामापायी आजारी पडलेल्या माणसाला वरिष्ठांकडून आजही ऐकावं लागतं, "झेपत नव्हतं तर आधीच सांगायचं." या युक्तिवादाला कायद्यातला जुना आधार आहे. इंग्लंडमध्ये एका खाटकाकडे कामाला असलेल्या नोकराची मांडी मोडली, कारण जादा माल भरलेली गाडी वाटेतच मोडली. ज्युरीने त्याला १०० पौंडांची भरपाई दिली, पण १८३७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. धोका वाटला तर काम नाकारायला नोकर मोकळा होता, असं न्यायाधीश म्हणाले. नाकारल्यावर त्याची नोकरी टिकली असती का, याची हमी मात्र कुणीच दिली नव्हती. मला हा निकाल आजही अन्यायाचा वाटतो.

जर्मनीत १८८४ पासून आणि ब्रिटनमध्ये १८९७ च्या कायद्याने, मालकाची चूक सिद्ध न करताही अपघाताची भरपाई मिळू लागली. पण ती इजा झाल्यानंतरची सोय होती. मुळात इजा होऊ नये म्हणून कामगाराच्या हातात काय होतं?

कामातून आजार होतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असं त्याने वैद्यांना सांगितलं होतं. खरी अडचण अशी की जे कळलं होतं, ते कामगारापर्यंत पोहोचू दिलं जात नसे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांनी जुळवत. पुढे त्यांचे जबडे सडू लागले. कंपनीने स्वतःच नेमलेल्या तज्ज्ञाने १९२४ मध्ये धोका दाखवून दिला, तेव्हा तो अहवाल दडपून सरकारी कामगार खात्याकडे वेगळीच माहिती पाठवण्यात आली. त्यातल्या पाच जणींच्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली, पण तोवर त्यांची तब्येत हाताबाहेर गेली होती.

जवळपास पन्नास वर्षांनी कॅनडातल्या एलियट लेक इथल्या युरेनियमच्या खाणकामगारांना कळलं, की त्यांच्यातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरची सरकारी आकडेवारी फ्रान्समधल्या एका परिषदेत मांडली गेली आहे. त्यांना स्वतःला मात्र ती कुणी सांगितली नव्हती. १९७४ मध्ये त्यांनी काम बंद केलं. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि ऑंटॅरिओ प्रांताच्या १९७८ च्या कायद्यात तीन हक्क एकत्र आले: धोका काय आहे ते जाणून घेण्याचा, सुरक्षेच्या निर्णयात सहभागी होण्याचा आणि धोक्याचं काम नाकारण्याचा. हा क्रम मला मोलाचा वाटतो. धोकाच माहीत नसेल तर माणूस नकार कशाला देणार?

त्याच १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत दोन देखभाल कामगारांनी कारखान्यात उंचावर लावलेल्या जाळीवर चढायला नकार दिला. काही दिवसांपूर्वीच त्या जाळीतून पडून त्यांचा एक सहकारी मेला होता. दोघांना उरलेल्या सहा तासांचा पगार कापून घरी पाठवलं आणि लेखी ताकीद दिली. असा नकार देणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला तो १९८० मध्ये. सहा तासांच्या पगाराच्या वादाला जवळपास सहा वर्षं लागली. आकस धरणाऱ्या मालकापुढे एकटा कामगार का गप्प बसतो, ते यावरून समजतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हेच तत्त्व आलं. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला रास्त कारण असेल, तर काम सोडून बाजूला होणाऱ्याला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. भारतात भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरी कायद्यात कलम ४१-एच आलं. त्याने कामगाराला तातडीच्या धोक्याची खबर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी फॅक्टरी इन्स्पेक्टरला देण्याचा हक्क दिला. काम सोडून निघून जाण्याचा हक्क मात्र त्या कलमात नव्हता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचाच, छळ आणि हिंसेबाबतचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये झाला आणि त्यात मानसिक इजाही धरली गेली. २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हा श्रमिकांच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. तरीही कामातून बाजूला होण्यासाठी १५५ आणि १९० या दोन्ही करारांनी घातलेली अट तातडीच्या, गंभीर धोक्याचीच आहे. वर्षानुवर्षं जादा तास, धूळ आणि अपमान सोसून हळूहळू खचणाऱ्या माणसाचा त्रास या अटीत सहज बसत नाही.