नॅट म्हणजे फायरवॉल नव्हे
घरच्या लिनक्स गेटवेवर (घरचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रावर) मास्करेड, म्हणजे सगळ्या उपकरणांना बाहेर एकच पत्ता दाखवणारा नॅटचा प्रकार, चालू केलं की बाहेरून कुणी आत येत नाही, हा आयपीव्ही४च्या काळापासूनचा समज चुकीचा आहे. नॅट पत्ते बदलतो, पॅकेट अडवत नाही. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत घरातल्या कॅमेऱ्यालाही सार्वजनिक पत्ता मिळतो. फॉरवर्डिंग (गेटवेनं पॅकेट पुढे पाठवणं) चालू आणि अडवणारे नियम नसतील, तर तो इंटरनेटवर उघडाच पडतो.

एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) 'आयनेट' प्रकारचं टेबल करा, दोन्ही आयपींना तेच नियम लागतात. फॉरवर्ड चेनची (गेटवेतून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची) पॉलिसी 'ड्रॉप' ठेवा, म्हणजे नियमात नसलेलं सगळं अडेल; 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड' (आधीच सुरू असलेल्या जोडण्यांचं) आणि लॅनकडून वॅनकडे, म्हणजे घरातून इंटरनेटकडे, जाणारं तेवढं सोडा. इनपुटलाही (खुद्द गेटवेसाठी येणाऱ्या पॅकेटांनाही) ड्रॉपच, पण आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे नियंत्रण संदेश) सरसकट बंद करू नका! त्यातली नेबर डिस्कव्हरी (शेजारची उपकरणं शोधणं) अडली की आयपीव्ही६ थोड्याच वेळात बंद पडतं. चाचणी आयपीव्ही६ असलेल्या मोबाइल डेटावरून घ्या. घरच्या वायफायवरून कॅमेऱ्याकडे जाणारं पॅकेट फॉरवर्ड नियमांपर्यंत पोहोचतच नाही.