कासदाह आणि गोव्यातील कच्चे दूध

कासदाह : दुभत्या जनावराच्या कासेत जंतू शिरल्याने येणारी सूज. आजार जुना झाला की कास घट्ट होते, म्हणून शेतकरी त्याला ‘दगडी’ म्हणतात. पण दगडी दिसते तरी. जास्त नुकसान होते ते सुप्त कासदाहाने. त्यात कास मऊ असते, गाय चारा खाते, दूध पांढरेशुभ्र दिसते आणि तरीही दुधातली घट चालूच राहते.

गोव्याच्या सत्तरी, डिचोली, सांगे भागांत संकरित गाई पाळणाऱ्यांना हा आजार बहुधा दूध सोसायटीच्या काट्यावर भेटतो. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. गाईच्या दुधाला किमान 3.2 टक्के फॅट आणि 8.3 टक्के एसएनएफ लागते. सुजलेल्या कासेत दुग्धशर्करा व केसीन हे दुधातले प्रथिन घटते, क्षार वाढतात, दूध किंचित खारट लागते आणि एसएनएफ उतरते. मग पाण्याचा एक थेंबही न घालणाऱ्यावर पाणी घातल्याचा संशय येतो. हा अन्याय आहे, आणि तो टाळण्याची तपासणी गोठ्यातच करता येते.

कासेचे चारही कप्पे स्वतंत्र असतात, त्यामुळे प्रत्येक सडाचे दूध वेगळे तपासावे लागते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेतल्या की गुठळ्या, कण लगेच दिसतात. सुप्त आजारासाठी चार वाट्यांची ताटली वापरतात. प्रत्येक वाटीत थोडे दूध, तेवढेच चाचणीचे द्रावण, आणि ताटली हळूहळू गोल फिरवायची. निरोगी दूध पाण्यासारखे फिरत राहते. बाधित दूध शेंबडासारखे चिकट होऊन मध्यभागी गोळा होते. कॅलिफोर्निया चाचणी म्हणतात ती हीच. द्रावण हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचे 3 टक्के पाणीही चालते. दूध घट्ट होते ते सोमॅटिक पेशींमुळे. या मुख्यतः जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. निरोगी कप्प्यात त्या मिलिलिटरला 2 लाखांच्या आत राहतात. युरोपीय संघात कच्च्या दुधाला 4 लाखांची मर्यादा आहे.

गोव्याची हवा जंतूंना मानवते. जून ते सप्टेंबर गोठा सुकतच नाही. चिऱ्यांची जमीन सच्छिद्र असल्याने मूत्र शोषून ओलीच राहते. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा ते एक तास उघडे असते. नेमकी त्या वेळी गाय शेणात बसली की ई. कोलायसारख्या जंतूंना वाट मिळते. म्हणून धार झाल्यावर दावणीत हिरवा चारा टाकावा, गाय खात उभी राहते. हा बिनखर्चाचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याआधी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मात्र हातांतून आणि एकाच फडक्यातून गाईगाईंत पसरतो. त्यासाठी प्रत्येक गाईला वेगळे फडके हवे आणि आजारी गाय शेवटी पिळावी. अंगठा मुडपून धार काढू नये, सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढावी. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी सुमारे दोन महिने, पशुवैद्याच्या सल्ल्याने सडात औषध सोडतात.

2020 मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली गोव्याची देशी गाय श्वेतकपिला दिवसाला साधारण 2 ते 3 लिटर दूध देते. अधिक दुधाच्या संकरित गाईच्या कासेवर ताणही अधिक असतो.

उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने सोडलेले विष उष्णतेला दाद देत नाही. प्रतिजैविकेही बव्हंशी टिकून राहतात. चवथीच्या दिवसांत दुधाची मागणी वाढते आणि औषध चालू असलेल्या गाईचे दूध कॅनमध्ये ओतण्याचा मोह होतो. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध वेगळेच ठेवले पाहिजे. ते मिसळले तर विरजणातले जंतूही मरतात आणि रात्री लावलेले दही सकाळी लागलेले नसते.