चरित्रकथा की ऐतिहासिक कादंबरी? सोलापूरची दोन पोरकी भावंडं लिहिताना

सोलापूरच्या 1930 च्या लढ्यावर मुलांसाठी लिहिताना या दोन प्रकारांची हमखास गल्लत होते. दोन्हींत गाव खरं, तारखा खऱ्या. फरक आहे तो कल्पनेला कुठे मुभा आहे यात.

चरित्रकथेचं त्यातल्या त्यात सोपं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या लढ्यातल्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या तोंडी आपल्या मनचं वाक्य घालायचं नाही, पान कितीही कोरडं वाटो.

कादंबरीत भावंडं मनची घ्यावीत. त्यांची वयं मात्र हिशेबानेच ठरतात आणि घोळ नेमका तिथेच होतो. समजा, आईबाप दोघंही 1918 च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत), नोव्हेंबरात गेले. मग 12 मे 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला तेव्हा धाकटा निदान साडेअकरा वर्षांचा हवाच. त्याला आठ वर्षांचा करता येत नाही. थोरली चौदाची धरली, तर आई गेली तेव्हा ती अडीच वर्षांची. म्हणजे आईच्या ओव्या आठवून रडण्याचा प्रसंग गेला! तान्ह्याला वाढवणारी आजी किंवा मावशीही आणावी लागणार. धाकटा आठचाच हवा असेल, तर आईला मानमोडीतून वाचवा आणि 1922 साली बाळंतपणात न्या. बापाचंही मरण त्या सुमारास आणा.

हा हिशेब कथानकही पुरवतो. 1922 च्या कारखाना कायद्याने 12 वर्षांखालच्या मुलांना गिरणीत मज्जाव होता आणि 15 पर्यंतच्यांना दिवसाला सहाच तास काम. म्हणजे थोरली गिरणीत जाऊ शकते, साडेअकराचा धाकटा सहा महिन्यांनी हुकतो. तो वय चोरेल, नाहीतर एखाद्या पद्मशाली विणकराच्या घरी हातमागाच्या कांड्या भरत बसेल. तिथे घरातली बोली तेलुगू, त्यामुळे बहिणीला तो ‘अक्का’ म्हणायला लागला तर नवल नाही. मजुरी आण्यांत लिहा, 16 आण्यांचा रुपया; ‘पन्नास पैसे’ लिहिलंत की पोरं थेट 1957 नंतरच्या काळात जाऊन पडतात.

हुतात्मे कादंबरीत आणायचे तर पोरांना गर्दीतून दिसतील तेवढेच. फाशीच्या बातमीला मात्र पार्श्वभूमी आयती आहे: संक्रांत दोन दिवसांवर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची (जत्रेची) तयारी, तिच्या मिरवणुकीतले नंदीध्वज.

शेवटी एक पान राखून ठेवा: यातलं खरं काय, मनचं काय.